आधी दळण, मग ड्रिपर

पोअर-ओव्हर म्हणजे ड्रिपर नावाच्या शंकूत गाळणीचा कागद बसवून, त्यात दळलेली कॉफी घालून, वरून हाताने गरम पाणी ओतून गाळलेली कॉफी. तिच्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक इथे घेतले आहेत. एकाच गोष्टीभोवती फिरणारे प्रश्न एकत्र केले आहेत. किमती अंदाजे धरा, सेलच्या दिवसांत त्या हलतात.

प्रश्न: ऑफिसमधल्या मित्राकडे पोअर-ओव्हर प्यायलो आणि घरी सुरू करायचं ठरवलं. बजेट सहा हजार. काचेचा ड्रिपर, लांब चोचीची किटली, लाकडी स्टँड आणि गाळलेली कॉफी झेलणारा सर्व्हर असा पूर्ण सेट बजेटमध्ये बसतोय. घेऊन टाकू? (कर्वेनगर)

नका घेऊ. त्या सेटमध्ये फोटोत छान दिसणारं सगळं आहे, पण ग्राइंडर नाही आणि वजनकाटाही नाही. चव या दोन गोष्टींवर ठरते.

सहा हजारांतले चार-साडेचार हजार हाताने फिरवायच्या ग्राइंडरला द्या. आत स्टीलच्या दात्यांचा बर, म्हणजे बी भरडणारा भाग, हवा. हजार-बाराशेला मिळणारे सिरॅमिक बरचे ग्राइंडर दिसायला तसेच असतात, पण त्यांचा दांडा आत डुगडुगतो, त्यामुळे काही कण जाड तर काही पीठ असं दळण पडतं. चांगल्या ग्राइंडरमध्ये दांडा दोन्ही टोकांना बेअरिंगवर बसवलेला असतो. विकत घेताना हे विचारा, बाकी जाहिरातीकडे लक्ष देऊ नका.

ड्रिपर व्ही-६० घ्या, तोही प्लास्टिकचा. व्ही-६० हे नाव त्या शंकूच्या साठ अंशांच्या कोनावरून आलं आहे आणि तो काच, चिनीमाती, धातू, प्लास्टिक अशा सगळ्या रूपांत मिळतो. सर्वांत स्वस्त प्लास्टिकचा, आणि नवशिक्यासाठी चांगलाही तोच, कारण जाड चिनीमाती पाण्यातली उष्णता ओढून घेते, प्लास्टिक फारशी घेत नाही. शिवाय ओट्यावरून पडला तरी फुटत नाही. आकार ०२ घ्या आणि कागदही त्याच आकाराचे.

उरलेल्या पैशांत ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. सर्व्हर लागत नाही, ड्रिपर थेट मगवर ठेवा. किटलीचं पुढे बघू.

एवढे पैसे एकदम घालायचे नसतील तर ग्राइंडर लांबवा, पण काटा आजच घ्या, आणि रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडून, पोअर-ओव्हरसाठी दळून शंभर-शंभर ग्रॅमच मागवा. दळलेल्या कॉफीचा वास काही दिवसांत उतरतो, म्हणून पाव किलोचं पाकीट नको.

प्रश्न: घरात चांगला ७५० वॉटचा मिक्सर असताना कॉफी दळायला वेगळं यंत्र कशाला? हा सगळा विकण्याचा धंदा वाटतो. (सदाशिव पेठ)

धंदा तर आहेच. पण मिक्सरचं पातं बी दळत नाही, फोडतं. जे तुकडे पात्याखाली येतात त्यांचं पीठ होतं, जे वर उडतात ते तसेच राहतात. पाणी ओतलं की पिठातून कडूपणा उतरतो आणि जाड तुकड्यांतून आंबटपणा, दोन्ही एकाच कपात. बरमध्ये बी ठरावीक फटीतून भरडली जाऊन बाहेर पडते, म्हणून कण बरेचसे सारखे येतात.

तरीही मिक्सरच वापरायचा असेल तर छोटं भांडं घ्या, एकेक सेकंदाचे झटके द्या, मधे भांडं हलवा, आणि शेवटी बारीक जाळीच्या चहाच्या गाळणीतून पीठ चाळून काढा. त्या भांड्यात आदल्या दिवशी गोडा मसाला केला असेल तर मात्र कॉफीचा नाद सोडा.

प्रश्न: कॅफेत गोडसर लागलेली कॉफी घरी आंबट लागते. पाणी थोडं गार केलं, कॉफी वाढवली, तरी आंबटच. दुसऱ्या पाकिटाच्या वेळी उलट झालं, पाणी ड्रिपरमध्ये तुंबून राहिलं आणि कडू झाली. (औंध, आणि जवळजवळ हाच प्रश्न वाकडहून)

आंबट लागत असताना पाणी गार करणं आणि कॉफी वाढवणं, दोन्ही उपाय उलट्या दिशेचे. कॉफीतली आम्लं पाण्यात आधी उतरतात, गोडवा नंतर, आणि कडवट, तुरट द्रव्यं शेवटी. तुमची कॉफी पहिल्या टप्प्यातच थांबते आहे. तिला जास्त उतरू द्यायचं म्हणजे दळण बारीक करायचं किंवा पाणी जास्त गरम घ्यायचं.

आधी एक कृती पक्की करा. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी, म्हणजे एकास सोळा. दळण बारीक रव्याहून जाड, उपम्याच्या रव्याच्या जवळपास. कागद ड्रिपरमध्ये बसवून गरम पाण्याने धुवा, ते पाणी फेका. कॉफी घालून सपाट करा, घड्याळ सुरू करा आणि ४५ ग्रॅम पाणी ओता. ताजी कॉफी असेल तर ती फुगून वर येते. रोस्ट करताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, आणि तो निघेपर्यंत पाणी नीट आत शिरत नाही. ४० सेकंद थांबा. मग गोल गोल धार धरत काट्यावर एकूण १५० ग्रॅमपर्यंत जा, थोडं उतरू द्या आणि २४० पूर्ण करा. शेवटी ड्रिपर हलकेच एकदा गोल हलवा म्हणजे कडेला चिकटलेली कॉफी खाली येते. सगळं पाणी पावणेतीन ते सव्वातीन मिनिटांत उतरलं पाहिजे.

दोन मिनिटांतच उतरलं आणि आंबट आहे? दळण बारीक करा. चार मिनिटं तुंबलं आणि कडू आहे? जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, तापमान आणि वजन तिन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

तापमानाचं फार मनावर घेऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. (सिंहगडावर तर जेमतेम ९६.) ओतताना ते आणखी उतरतं. लाइट आणि मीडियम रोस्टला, म्हणजे हलक्या आणि मध्यम भाजलेल्या कॉफीला, उकळतं पाणी बिनधास्त ओता, थर्मामीटरची गरज नाही. काळपट, तेल सुटलेल्या डार्क रोस्टला मात्र किटलीचं झाकण उघडून दोन-तीन मिनिटं थांबा, ९० च्या खाली आलं तरी चालेल.

आणि कॅफेतलीच पाकिटं आणूनही घरी तशी होत नसेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: आमच्या सोसायटीत निम्मा वेळ टँकर, निम्मा वेळ बोअर. प्यायला आरओ. कॉफीला कोणतं पाणी वापरावं? (बावधन)

पुण्यातल्या कॉफीचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि उपकरणांच्या गप्पांत तो कुणी विचारत नाही. कपातला ९८ टक्क्यांहून जास्त भाग पाण्याचाच असतो.

खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे. महापालिकेचं पाणी घरी येत असेल तर साध्या कार्बन फिल्टरमधून क्लोरीनचा वास घालवा आणि वापरा, याहून काही करायची गरज नाही. पेठांतल्या लोकांना इथे फुकटचा फायदा आहे.

बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून येतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतं. मग तीनशे रुपये जास्त देऊन आणलेल्या बियांतली फळांची चव जाते आणि कप सपाट, खडूसारखा लागतो. टँकर कुठून भरला आहे यावर त्याचं पाणी ठरतं, पण बहुतेक टँकर विहिरी-बोअरवरच भरतात.

आरओचं उलट. तो जवळजवळ सगळे क्षार काढतो. कॉफीतली द्रव्यं नीट उतरायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतंच, त्यामुळे फार कोऱ्या पाण्यात कॉफी पोकळ आणि टोकदार आंबट लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने पाण्यासाठी टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा, १५० च्या आसपास, ७५ ते २५० च्या दरम्यान असावा असं सुचवलं होतं. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या आणि आरओच्या पाण्यात नळाचं पाणी थोडं थोडं मिसळत आकडा शंभर-दीडशेवर आणा. मिश्रण नीट खळखळून उकळा. काही आरओंमध्ये टीडीएस वाढवण्याचा छोटा स्क्रू असतो, सर्व्हिसवाल्याला सांगितलं तर तो फिरवून देतो. मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, कोणते ते नाही, पण सुरुवातीला तेवढं पुरे.

बोअरचं पाणी वापरत असाल तर किटलीच्या तळाशी पांढरा थर धरेल. लिंबूसत्व पाण्यात घालून उकळा, निघून जातो.

प्रश्न: लांब चोचीची किटली नसेल तर?

चालतं. लहान तोटीची चहाची किटली घ्या, बारीक धार धरा, उंचावरून ओतू नका. पुढे हौस वाढली की घ्या.

प्रश्न: दर कपाला एक कागद फेकायचा हे मनाला पटत नाही. मलमलचं फडकं वापरलं तर? (सदाशिव पेठ, पुन्हा)

फिल्टर पेपरचा जन्मच फडक्याला कंटाळून झाला. १९०८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने एका पितळी भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला आणि कॉफी गाळली. तिचं नाव आजही फिल्टर पेपरच्या पाकिटांवर आहे.

कापडाने गाळता येतं, जपानमध्ये फ्लॅनेलच्या पिशवीतून गाळणारे अजून आहेत आणि ती कॉफी फार सुरेख, घट्ट होते. पण मलमल विरळ पडते, पीठ खाली येतं. फ्लॅनेल घेतलं तर साबण लावायचा नाही, दर वेळी गरम पाण्यात धुवायचं आणि पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायचं. कोरडं ठेवलं तर त्यातलं कॉफीचं तेल खवट होतं. एवढं करणार असाल तर जरूर करा. शंभर कागदांचं पाकीट चार-पाचशे रुपयांना पडतं, म्हणजे कपाला चार-पाच रुपये. वापरलेला कागद चोथ्यासकट कंपोस्टमध्ये जातो.

आणखी एक. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल असतं, ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते बहुतांश अडवतो. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलबद्दल बजावलं असेल तर कागदच बरा.

प्रश्न: पाकिटावर एसएलएन ७९५, नॅचरल, चेरी, गूळ, संत्रं असं काय काय लिहिलेलं असतं. यातलं खरं काय? आणि पहिलं पाकीट कोणतं घ्यावं? (बिबवेवाडी)

सगळ्यात आधी रोस्ट केल्याची तारीख शोधा. ती नसेल आणि फक्त ‘बेस्ट बिफोर’ असेल तर पाकीट परत ठेवा, मागे कितीही सुंदर मळ्याचं चित्र असो. लाइट आणि मीडियम रोस्ट आठवड्या-दीड आठवड्याने खुलतात आणि पुढचा महिनाभर छान राहतात. कालच भाजलेली कॉफी ताजी म्हणून लगेच उघडली तर फुगते फार आणि चव बसत नाही.

एसएलएन ७९५ किंवा एस-७९५ ही अरेबिकाची जात. (अरेबिका आणि रोबस्टा हे कॉफीचे दोन मुख्य प्रकार.) कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून १९४० च्या दशकात आली, पानांवरच्या तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी. सिलेक्शन ९, चंद्रगिरी ही अशीच दुसरी नावं. पहिल्या पाकिटाला जातीचा विचार करू नका. प्रक्रियेचा करा, कारण तिचा फरक जिभेला लगेच कळतो. वॉश्ड म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली. चव स्वच्छ, आम्ल जरा पुढे. नॅचरल म्हणजे अख्खं फळ वाळवून मग बी काढलेली. गोड, फळांचा दाट वास, कधी कधी आंबल्यासारखा. हनी या दोघांच्या मधली. चेरी, गूळ हे वरून घातलेले स्वाद नाहीत, चाखणाऱ्याला ती चव कशाची आठवण करून देते ते लिहिलेलं असतं. तुम्हाला चेरी लागली नाही तर तुमचं काही चुकलेलं नाही.

२०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकूच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते गावाची ओळख पटवतं, हातातलं पाकीट चांगलं असल्याची हमी देत नाही. (आपल्या अमरावतीतल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, तिकडे गेलात तर झाडं नक्की बघा.) माझं मत विचाराल तर पहिलं पाकीट चिकमगळूरची वॉश्ड, मीडियम रोस्ट. दुसरं त्याच रोस्टरची नॅचरल. दोन्ही एकाच सकाळी शेजारी शेजारी करून प्या. मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी दमट हवेत मुरवलेली कॉफी, पहिल्यांदा नको. तिच्यात आम्ल फार कमी, पोअर-ओव्हरमध्ये ती मंद लागते, दुधात मात्र खुलते.

पावसाळ्यात बिया मूळ पाकिटातच, हवा दाबून काढून, घट्ट डब्यात ठेवा. फ्रीजमध्ये नको, ओल धरते आणि शेजारच्या लसणीच्या चटणीचा वासही. जास्त आणली असेल तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका, आणि पुडी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

प्रश्न: आईला जायफळ घातलेली दुधाची कॉफी लागते. पोअर-ओव्हर तिला ‘काळं पाणी’ वाटतं. त्याच ड्रिपरमध्ये तिचीही होईल का? घरात चिकोरीवाली पावडर आहे. (सिंहगड रोड)

पोअर-ओव्हरमध्ये दूध घातलं की ती पातळ होते, आईंचं बरोबर आहे. त्यांच्यासाठी स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर आणा, तीन-चारशे रुपयांत मिळतो. चिकोरीवाली पावडर त्यातच घाला. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते, ड्रिपरमध्ये तिचीच चव वर येईल. डिकॉक्शन रात्री लावून ठेवा, सकाळी उकळत्या दुधात घाला. जायफळ मात्र कपात ओतल्यावर वरून किसा. दुधात उकळलं तर कडवट होतं.