बंदीच्या काळात आउटबोर्ड इंजिनाची निगा
१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होडी किनाऱ्यावर ओढून झाकली की तिच्या मागे बाहेरून बसवलेले (आउटबोर्ड) इंजिन सुरक्षित राहते, हा समज आपण प्रथम सोडावा. गोव्यातील शापोऱ्याच्या दमट हवेत खरा गंज आतून, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांत साचलेल्या मिठामुळे धरतो. म्हणून इंजिन गोड्या पाण्यावर, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडण्याइतके तापेपर्यंत चालवावे, अन्यथा सिलिंडरभोवतीचे मीठ धुतलेच जात नाही. माझ्या पहिल्या इंजिनाच्या थर्मोस्टॅटवर खडीसाखरेसारखा टणक, पांढरा थर निघाला होता. नंतर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) हाताने फिरवावे. गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास सीलमधून पाणी शिरले आहे असे समजून सील आताच बदलावे. इंजिन उभेच ठेवावे, आणि ताडपत्रीखाली वारा खेळू द्यावा.