स्क्रीन ‘वक्र’ की ‘बाकदार’?

प्रश्न असा आहे: फिटनेस बँडच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद करताना ‘कर्व्ह्ड डिस्प्ले’ला ‘वक्र पडदा’ लिहिलं, तर घरच्यांनी वाचून विचारलं, “पडदा वाकडा झालाय का?” मग योग्य शब्द कोणता, आणि ‘फ्लेक्झिबल’ त्याहून वेगळं कसं दाखवायचं?

माझं उत्तर ‘बाकदार’. आणि घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

वक्र, वाकडा आणि बाक हे तिन्ही एकाच घरातले. संस्कृत ‘वक्र’, प्राकृतात ‘वंक’, आणि तिथून आपल्याकडे वाकणे, वाकडा, बाक. (शाळेतला बसायचा बाक निराळा, तो पोर्तुगीजांकडून आलाय.) पण एका घरातली भावंडंही स्वभावाने वेगळी असतात. ‘वाकडा’ म्हटलं की सरळ असायला हवं होतं ते बिघडलं, हे आलंच. नाचता येईना अंगण वाकडं, त्यांचं आमच्याशी वाकडं आहे, तो उगाच वाकड्यात शिरतो. ‘वक्र’ संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, वक्रतुंडात तो वंदनीयही आहे, पण वक्रदृष्टी आणि वक्री ग्रह यांनी रोजच्या कानाला त्याची धास्तीच लावून ठेवली आहे. शिवाय काचेतून किरण जाताना दिशा बदलतात त्याला ‘वक्रीभवन’ही म्हणतात. डिस्प्लेच्या लेखात दोन्ही वक्र एकत्र आले की वाचक गोंधळतो.

‘बाकदार’चं तसं नाही. बाकदार नाक, पोपटाची बाकदार चोच, बैलाची बाकदार शिंगं. इथे वळण हा दोष नाही, तोच त्या वस्तूचा घाट आहे. मुद्दाम, विचार करून दिलेलं वळण सांगायला मराठीत याहून नेमका शब्द मला माहीत नाही. ‘वळणदार’ अक्षराला शोभतो, ‘कमानदार’ भुवयांना.

‘फ्लेक्झिबल’साठीचा ‘लवचीक’ मात्र पूर्ण वेगळी गोष्ट सांगतो. बाकदार म्हणजे वस्तूचा आकार, लवचीक म्हणजे तिचा गुण. २०१४ साली बार्सिलोनात सॅमसंगने गिअर फिट हा फिटनेस बँड दाखवला. १.८४ इंचांची लांबट, अरुंद स्क्रीन मनगटाच्या गोलाईवर बसवलेली. ती बाकदार होती, पण वापरणाऱ्याने वाकवायची नव्हती. उलट २०१५च्या पहिल्या ॲपल वॉचमधला ओलेड डिस्प्ले लवचीक प्लॅस्टिकवर बनवलेला होता, आणि घड्याळात तो सपाट बसवला होता. लवचीक, पण बाकदार नाही. आणि मिटून ठेवता येतो त्या फोनला ‘घडीचा फोन’ म्हणावं. घडीची खुर्ची आपण कधीपासून म्हणतोच.

आता थोडं खोलात, कारण हे डिझाइन करणाऱ्यांना नुसतं ‘बाकदार’ पुरत नाही. नळीचं कौल आठवा. ते एकाच दिशेने वळलेलं असतं. लांबीवर पट्टी ठेवली तर सरळ टेकते. पालथी वाटी दोन्ही दिशांनी वळलेली असते. कागद कौलावर चपखल बसतो, वाटीवर ठेवला की कडेला चुण्या पडतात. सपाट पत्र्यासारखी बनलेली स्क्रीन कागदासारखीच वागते, म्हणून अशा स्क्रीनला बहुतेक कौलाचा बाक असतो, वाटीचा नाही. शाळेतले ‘बहिर्गोल’ आणि ‘अंतर्गोल’ इथे मला म्हणूनच खटकतात. त्यांच्यातला ‘गोल’ वाटीकडे नेतो. साधे ‘फुगीर’ आणि ‘खोलगट’ बरे.

बाक कोणत्या दिशेचा, तेही सांगावं लागतं. २०१३च्या शेवटी दोन फोन जवळजवळ एकत्रच आले. सॅमसंग गॅलेक्सी राउंड रुंदीत वळलेला, एलजी जी फ्लेक्स लांबीत. नुसतं ‘वक्र फोन’ लिहिलं तर हा फरक पुसला जातो. ‘रुंदीतला बाक’ आणि ‘लांबीतला बाक’ असं लिहा, काम होतं. बाक किती, हे मात्र आकड्यातच सांगायचं, आणि तिथे ‘वक्रता त्रिज्या’ (तो बाक ज्या वर्तुळाचा तुकडा, त्याची त्रिज्या) हीच संज्ञा हवी, गणितात ती रुळलेली आहे. राउंडची ४०० मिलिमीटर, फ्लेक्सची ७०० मिलिमीटर. त्रिज्या लहान तितका बाक जास्त, हे अनुवादात हमखास उलटं होतं. मनगटाचा घेर सतरा सेंटिमीटर आणि आकार गोल धरला तर त्रिज्या जेमतेम २७ मिलिमीटर येते. फोनच्या मानाने मनगटावरचा बाक किती कठीण, ते यावरून कळेल.

कठीण का? ओली फांदी वाकवून पाहा. बाहेरची साल ताणली जाते, आतली दबते, आणि मध्ये कुठेतरी एक पातळी अशी असते जिथे ना ताण ना दाब. स्क्रीनही अनेक थरांची असते, आणि डिझाइन करणारे त्यातले ठिसूळ थर होता होईल तो त्या मधल्या पातळीजवळ आणतात. त्या पातळीला मी ‘निस्ताण पातळी’ म्हणेन. शब्द माझा आहे, याहून चांगला सुचला तर जरूर सांगा.

गिअर फिटमध्ये आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी होती. अक्षरं स्क्रीनच्या लांबीने, म्हणजे मनगटाच्या घेराने धावत होती. हात छातीसमोर धरला की ती आडवी पडायची आणि वाचायला मनगट पिळावं लागायचं. नंतर उभी मांडणीही देण्यात आली. म्हणून पुस्तिकेत ‘उभं’ आणि ‘आडवं’ लिहाल तिथे हात कसा धरला आहे तेही लिहा.

‘पडदा’ही मी काढून टाकेन, स्क्रीन सगळे म्हणतात. तुमच्या पुस्तिकेसाठी वाक्य असं होईल: “या बँडची स्क्रीन मनगटाच्या घाटाप्रमाणे बाकदार आहे. ती लवचीक नाही. वाकवू किंवा सरळ करू नका.”