कथेतला ‘येडा’, ‘मनोरुग्ण’ आणि ‘छिन्नमनस्क’

प्रश्न: कथा बीडकडच्या खेड्यातली, नायकाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला वेडा म्हणावं, मनोरुग्ण की छिन्नमनस्क?

उत्तर: बोलतंय कोण, ते आधी बघा. गाव ‘येडं झालंय’ म्हणणारच. घरचे ‘डोक्यावर परिणाम झालाय’, ‘बाहेरचं हाय’ म्हणतील. हे गाळलं तर गाव खोटं पडेल. निवेदकाने मात्र माणसाचं नावच ‘मनोरुग्ण’ करू नये. ‘त्याला स्किझोफ्रेनिया आहे’ एवढं पुरे. ‘छिन्नमनस्कता’ हा स्किझोफ्रेनियाचा मराठी शब्द पुस्तकी आहे, जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरच्या तोंडी तो शोभत नाही. शिवाय ‘छिन्न’मुळे एका देहात दोन माणसं असा समज होतो. तो विकार वेगळा.

खरा घोळ होतो ‘भास’ आणि ‘भ्रम’ यांत. नसलेलं ऐकू येणं किंवा दिसणं हा भास. ‘चुलता भाकरीत विष कालवतो’ ही कशानेही न हलणारी खात्री म्हणजे भ्रम. भावाने तीच भाकरी समोर खाऊन दाखवली, तरी ‘त्याच्याकडं उतारा हाय’ असं उत्तर येतं. वाद घालून भ्रम जात नाही, म्हणून समजावण्याच्या एका प्रसंगात नायक शुद्धीवर आणू नका. या आजारात दिसण्यापेक्षा ऐकू येण्याचे भास जास्त. तेव्हा भिंतीवर सावल्या नाचवू नका, आवाज लिहा. अनेकदा ते त्याच्याविषयी आपसांत बोलतात: ‘उठला बग. तांब्या घेतला. कुटं चाललाय?’ तो त्यांना उत्तर देतो आणि लोकांना नुसती बडबड दिसते.

बहुधा भास-भ्रम सुरू होण्याआधी कित्येक महिने अंघोळ टाळणं, कॉलेज सोडणं, एकटं बसणं चालू असतं. औषधाने झोप लवकर सुधारते, आवाज ओसरायला काही आठवडे लागतात. काहींचे हात थरथरतात, अंग आखडतं, वजन वाढतं. बरं वाटलं की गोळ्या बंद करणं, हे आजार उलटण्याचं नेहमीचं कारण. कथेला वळण हवं तर खुनापेक्षा हे घ्या. बहुतेक रुग्ण हिंसक नसतात.

रुग्णाला साखळदंडाने बांधणं आणि उपचार म्हणून भूल न देता विजेचा शॉक देणं, दोन्हींना २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे. असा प्रसंग जुन्या काळातला असेल तर साल कळू द्या. आजचा असेल तर तो गुन्हा म्हणूनच लिहा.