आन्झा-बोरेगोतल्या जुन्या टपालगाडीच्या वाटेवर गाईडबरोबर ऑफ-रोड सहल कशी करावी? आरएव्ही४ चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सॅन दिएगोत राहता, जानेवारीत आईबाबा भारतातून येणार आहेत आणि आन्झा-बोरेगो वाळवंटातल्या बटरफील्ड स्टेजकोचच्या वाटेवर एक दिवस घालवायचा आहे. गाईड घ्यावा की स्वतःची ऑल-व्हील ड्राइव्ह आरएव्ही४ न्यावी, आणि गाईड घेतला तर कोणता?

गाईड घ्या. आरएव्ही४ कोरड्या हवेत ब्लेअर व्हॅलीपर्यंत नीट जाईल, पण खऱ्या वाटेचा सगळ्यात बोलका भाग वायेसितोच्या कोरड्या ओढ्यातल्या मऊ वाळूत आहे. (पाटीवरचं स्पेलिंग वाचून ‘व्हॅलेसिटो’ वाटेल, पण स्थानिक लोक वायेसितो म्हणतात.) तिथे अशा गाडीला दोन गोष्टी नडतात. एक, पोट जमिनीपासून पुरेसं उंच नाही. दुसरी, मागच्या चाकांना जोर पोचवणारा क्लच चाकं बराच वेळ घसरत राहिली की तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी सुटतो. मग वाळूत फक्त पुढची दोन चाकं ओढत राहतात. शिवाय तिचं जादा चाक बहुतेक वेळा बारीक, तात्पुरतं असतं, ते वाळूत निरुपयोगी. भाड्याची जीप घेऊन जायचं मनात असेल तर आधी करार वाचा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याची मनाई असते.

गाईड निवडताना ही वाट मुळात कशी आखली होती ते माहीत असावं. १८५८च्या सप्टेंबरमध्ये जॉन बटरफील्डची टपालसेवा सुरू झाली. मिसुरीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे २,८०० मैल, आठवड्यातून दोनदा, आणि टपाल २५ दिवसांत पोचवायची अट. १८६१मध्ये टपाल उत्तरेकडच्या मार्गाने वळवलं आणि ही वाट मागे पडली. २०२३च्या जानेवारीत तिला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला. वाळवंटातल्या टप्प्यांवर चित्रांत दिसतात तसल्या जड, गोलसर कॉनकॉर्ड गाड्या नव्हत्या. कॅनव्हासच्या छताच्या हलक्या गाड्या होत्या आणि त्यांना बहुधा खेचरं जुंपलेली असत. वाट सरळ नाही, पाण्याकडून पाण्याकडे जाते. कॅरिझोच्या ठाण्यापासून पाम स्प्रिंग सुमारे ९ मैल, तिथून वायेसितो आणखी ९, पुढे सॅन फेलिपे १८. कॅरिझोच्या आधीचा टप्पा ३२ मैलांचा, आणि त्यात पाणी नाही. ही अंतरं डोक्यात ठेवून ओढ्यात उभं राहिलं की वाट इथूनच का गेली ते कळतं. गाईडने दाखवायला हवं ते हेच.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: “डांबर नेमकं कुठे सोडणार आणि कुठे परत लागणार?” एस-२ हा डांबरी रस्ता बराचसा जुन्या वाटेला धरूनच जातो. त्यामुळे त्यावरून गाडी पळवून, मध्ये फॉन्ट्स पॉइंटसारखी देखणी जागा दाखवून ‘स्टेजकोच टूर’ म्हणणं सोपं आहे. फॉन्ट्स पॉइंट सुंदरच आहे, पण टपालगाडी तिथून कधी गेली नाही. उत्तरात पाम स्प्रिंग, वायेसितो, बॉक्स कॅनियन आणि फूट अँड वॉकर खिंड ही चार नावं आली पाहिजेत. दुसरा प्रश्न: स्टेट पार्कमध्ये व्यावसायिक सहली नेण्याचा परवाना आहे का? तिसरा: एकच गाडी असेल तर ती रुतल्यावर काय करणार? सॅटेलाइटवरून संदेश पाठवायचं साधन, पूर्ण मापाचं जादा चाक आणि टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर यांचा उल्लेख त्याने आपणहून केला तर माणूस जाणकार आहे.

सहली दोन तऱ्हेच्या असतात. एकीत गाईडच्या उघड्या गाडीत बसायचं. दुसरीत आपली फोर-बाय-फोर घेऊन त्याच्या मागे चालवायची. आईबाबांबरोबर पहिली बरी. त्यांना मागच्या चाकांच्या वरची किंवा मागची जागा देऊ नका. दोन्ही आसांच्या मधल्या जागेवर हादरे सगळ्यांत कमी बसतात. पाठीचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन अलीकडे झालं असेल तर ओढ्याचा भाग टाळून फक्त ब्लेअर व्हॅली आणि वायेसितोचं ठाणं करा.

दिवसाची दिशा टपाल पश्चिमेला जायचं तीच ठेवायला सांगा, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे. सॅन दिएगोहून आय-८ महामार्गाने ओकोतियो गाव गाठायला दीड तास लागतो. तिथून एस-२ने वर या. साधारण ५१व्या मैलाच्या दगडाजवळ कॅनियन सिन नोम्ब्रेची वाट उजवीकडे खाली उतरते. हा मूळ मार्ग नव्हे, पण ओढ्यात उतरायला सोयीचा. सुरुवातीचा उतार तीव्र आणि खडकाळ आहे, इथे फोर-लो (चारही चाकांना जोर, हळू वेगाचा गिअर) लावून ब्रेकऐवजी गिअरवर उतरतात. घळ संपून ओढा लागला की डावीकडे, वरच्या अंगाला वळायचं. उजवीकडे पुढे कॅरिझो इम्पॅक्ट एरिया लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे बॉम्बफेकीचा सराव चालायचा आणि न फुटलेला दारूगोळा अजून जमिनीत आहे. तो भाग बंद आहे, आणि कुंपण नाही म्हणून आत जाणं जिवावर बेतेल.

ओढ्यातून पाम स्प्रिंगपर्यंत थांबत थांबत दोन-तीन तास धरा. वाळूत सगळा खेळ टायरमधल्या हवेचा आहे. डांबरावरच्या ३५ पीएसआयवरून डांबर सोडतानाच २०वर या, फारच मऊ लागलं तर १५. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावर तरंगतं. १५च्या खाली नेलं तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा गिअर), सेकंड गिअर, एकसारखा वेग. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, कारण चाक थोडं घसरलं की तो इंजिनचा जोर कापतो आणि गाडी नेमकी नको तिथे बसते. थांबायचं तर किंचित उतारावर, ब्रेक न मारता.

गाडी रुतली तर ॲक्सिलरेटरवरून पाय लगेच काढा. आणखी दोन सेकंद चाक फिरवलं तर गाडी पोटावर बसते आणि पंधरा मिनिटांचं काम दीड तासाचं होतं. चारही चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा (पण १५च्या खाली नको), आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्या. ती वाळू आधीच दबलेली असते. दुसऱ्या गाडीने ओढायचं झालं तर दोर गाडीच्या सांगाड्याला असलेल्या हुकातच अडकवा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. तो गोळा तुटला की गोळीसारखा सुटतो, आणि त्याने माणसं मेली आहेत. ओढताना बाकीच्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं राहावं.

पाम स्प्रिंगला ताडाच्या झाडांचा छोटा पुंजका आणि स्मारकाचा दगड आहे. मूळची झाडं येणाऱ्याजाणाऱ्यांनी सरपणासाठी तोडून संपवली, आताची नंतर लावलेली. वायेसितोचं टपालगाडीचं ठाणं १९३४मध्ये अवशेषांवरून पुन्हा उभारलं. ते काउंटी पार्कमध्ये आहे, स्वच्छतागृह आणि सावली मिळते, जेवायला हीच जागा. उन्हाळ्यात पार्क बंद असतं. थोडं अलीकडे अग्वा कॅलिएन्तेला गरम पाण्याची कुंडं आहेत. आईबाबा दमले असतील तर त्यांना तिथे तासभर बसवणं उत्तम.

खरी गोडी त्यापुढे आहे. बॉक्स कॅनियनमध्ये १८४७च्या १९ जानेवारीला लेफ्टनंट कर्नल कुक यांच्या मॉर्मन बटालियनने (मॉर्मन पंथाच्या सैनिकांची अमेरिकी लष्करातली तुकडी) हातातल्या साध्या हत्यारांनी खडक तासून गाड्यांपुरती जागा केली. घळ गाड्यांपेक्षा अरुंद होती. दक्षिण कॅलिफोर्नियात चाकाची गाडी आणणारी ही पहिली वाट. रस्त्यावरच्या थांब्यावरून खाली पाहिलं तर दोन वाटा दिसतात, खालची बटालियनची आणि वरची नंतरची. गाईड तिथे नुसतं बोट दाखवून निघाला तर त्याला थांबवा आणि खाली उतरा.

ब्लेअर व्हॅलीच्या उत्तर टोकाची फूट अँड वॉकर खिंड छोटी आहे, पण चढ इतका खडा की प्रवाशांना उतरून चालावं लागे, प्रसंगी गाडी ढकलावी लागे. पश्चिमेकडच्या तिकिटाला २०० डॉलर मोजलेले लोक होते ते. तुम्हीही उतरा आणि चढ पायी चढा, जमलं तर आईबाबांनाही थोडा चढवा. जवळच लिटल ब्लेअर व्हॅलीत इथल्या मूळ रहिवासी कुमेयाय लोकांनी धान्य कुटून कुटून खडकात पडलेली उखळं आहेत. पायवाट सपाट आहे. उखळ म्हणजे काय हे आईंना सांगावं लागणार नाही.

जानेवारी हा महिना योग्य आहे. मे ते सप्टेंबर जाऊच नका, पारा ४३च्या वर जातो. हवामान पाहताना फक्त वाळवंटाचं पाहू नका, पश्चिमेच्या लगुना डोंगरांवर पाऊस आहे का ते पाहा. तिथलं पाणी निरभ्र आकाशाखाली ओढ्यात लोंढ्याने येतं. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस मातीच्या टेकड्यांचा भाग साबणासारखा निसरडा राहतो. आरोयो तापियादोतल्या मातीच्या गुहांत कुणी नेतो म्हणाला तर नकार द्या, त्या कोसळतात.

पाणी माणशी किमान ४ लिटर, शिवाय गाडीत एक जादा कॅन. उघड्या गाडीत सकाळी गार वारा झोंबतो, कानटोपी आणि विंडचीटर हवंच. वाटेत हॉटेल नाही. धपाटे, दशम्या, चिवडा यांच्यासारखं दुसरं काही नाही, टिकतात आणि पोटात मीठही जातं. एक साधा कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा काटेरी गोळा अंगाला चिकटला तर हाताने ओढू नका, कंगवा मध्ये घालून झटक्यात उडवा. मोबाइलला बराचसा वेळ रेंज नसते, म्हणून परत कधी येणार ते घरी कुणाला तरी सांगून निघा.

नियम मोजकेच पण कडक आहेत. गाडी रस्त्यावर चालवण्यास पात्र आणि नोंदणीकृत हवी, चाक आखलेल्या वाटेबाहेर न्यायचं नाही, शेकोटी फक्त धातूच्या भांड्यात, आणि दगड असो की गंजका खिळा, काही उचलायचं नाही. चाकोरीबाहेरची एक खूण वाळवंटात अनेक वर्षं राहते. म्हणून तर दीडशे वर्षांपूर्वीच्या खुणा आज तुम्हाला पाहता येतात.

जानेवारीत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे खिंडीतून साडेतीनला निघा. तुमची गाडी असेल तर डांबरावर ५० किमीच्या वर वेग नेण्याआधी हवा परत ३५वर आणा. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. छोट्या कॉम्प्रेसरला चारही टायरना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पुढे सिझर्स क्रॉसिंगवरून डावीकडे जुलियन गावाचा घाट चढा. पेट्रोल तिथेच मिळेल, त्यामुळे सकाळी टाकी पूर्ण भरूनच निघालेलं बरं.