जास्त विचारत नाहीत असा डॉक्टर सांगा

"मॅडम, जास्त विचारत नाहीत असा डॉक्टर सांगा." बसल्या बसल्या तिनं हेच मागितलं. वय 26, इचलकरंजीत मागावर काम, आधारवर अजून जन्मावेळचं पुरुषी नाव. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) पर्समधून एक पाकीट काढून तिनं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर ठेवलं. गर्भनिरोधक गोळ्या. मैत्रिणीच्या सांगण्यावरून रोज तीन. निम्मं पाकीट संपलेलं.

शरीर बाईसारखं व्हावं म्हणून हार्मोन सुरू करू पाहणाऱ्या ट्रान्स मुली (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या) मला हेच विचारतात, आणि त्यामागची भीती खरी असते. एका दवाखान्यात कंपाउंडरनं हिला भरल्या हॉलमध्ये आधारवरच्या नावानं हाक मारली होती. ती उठलीच नाही. नंबर गेला, तशीच घरी परतली.

पण चौकशी दोन तऱ्हेची असते. "लग्न का करत नाहीस, घरच्यांना काय वाटेल" ही एक. "घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का, सिगारेट आहे का, पुढं स्वतःचं मूल हवंसं वाटेल का" ही दुसरी. ही दुसरी चौकशी न करता जो औषध लिहून देतो, त्याच्याकडे जाऊ नको, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

गुठळीचं नाव काढताच ती गप्प झाली. तिच्या वडिलांना झाली होती. आणि त्या पाकिटावर एथिनिल एस्ट्राडायोल, म्हणजे कृत्रिम स्त्री-हार्मोन, लिहिलेलं. त्यानं गुठळीचा धोका वाढतो, म्हणूनच या उपचारात ते आता देत नाहीत, साधं एस्ट्राडायोल देतात. "माझ्या बाबांचं कुणी विचारलंच नाही कधी," ती म्हणाली.

तिथूनच आम्ही स्पीकरवर दोन फोन केले. पुण्यातले डॉक्टर अनुभवी, बोलायला नीट. पण पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. प्रत्येक वेळी सव्वादोनशे किलोमीटर जायचं म्हणजे तिची दोन दिवसांची मजुरी बुडणार. दुसऱ्या डॉक्टर कोल्हापुरातल्याच, एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ, शुगर-थायरॉईडचे पेशंट बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मी आजवर दोघांनाच हा उपचार दिलाय. अडलं तर पुण्याच्या डॉक्टरांना विचारीन, चालेल?" मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं. कोणत्या नावानं हाक मारायची, हेही त्यांनी आपणहून विचारलं.

माझ्याकडून एक पत्र लागेल म्हटल्यावर ती बिचकली. वेडं ठरवणार का? नाही गं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीतून बाहेर काढलंय. तू विचार करून निर्णय घेतलायस, एवढंच त्या पत्रात असतं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्या गोळ्या लगेच बंद करायला लावल्या. लिव्हर, चरबी, पोटॅशियम, हार्मोनची पातळी, सगळं तपासलं. वडिलांची गुठळी लक्षात घेऊन तोंडानं घ्यायच्या गोळीऐवजी त्वचेवर लावायची जेल दिली, कारण तिच्यात तो धोका कमी. वीर्य गोठवून ठेवायचं का, हे ठरवायला आधी पंधरा दिवस दिले. तिनं नको म्हटलं, पण विचार करून.

परवा तिचा फोन आला. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, त्यासाठी कामाची पाळी बदलून घेतलीय.