गाडीचं व्हील अलाइनमेंट नक्की किती किलोमीटरला करावं?

तुमचा टायरवाला दर ५ हजारांना करा म्हणतो, सर्व्हिस सेंटरवाले १० हजारांना, आणि मेहुणे म्हणतात गाडी ओढत नसेल तर हातच लावू नका. मग खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन कंपनीच्या मापाला आणणं. त्याचा आकडाच हवा असेल तर १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. टायर रोटेशनही (टायरांच्या जागा आपसात बदलणं) त्याच सुमारास येतं, एका फेरीत दोन्ही कामं होतात. ५ हजारांना केलं तर गाडीचं काही बिघडत नाही, खिशाला थोडी चाट बसते इतकंच. मेहुण्यांचं मात्र ऐकू नका. पुढची दोन्ही चाकं सारखीच फाकलेली असली तर गाडी नाकासमोर सरळ जाते आणि गुपचूप टायर खाते.

हे मी पैसे मोजून शिकलोय. नोकरी रत्नागिरीत, घर कोल्हापूरला, त्यामुळे दर शनिवार-रविवार आंबा घाट. मी दर ५ हजारांना नेमाने अलाइनमेंट करायचो, प्रिंटचे कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये जपून ठेवायचो. सगळे आकडे हिरवे, म्हणजे मापात. एकदा साखरप्याजवळ पंक्चर झालं, चाक उतरवलं, तर टायरची आतली कड पार गुळगुळीत, एका ठिकाणी तार डोकावत होती. बाहेरून बघाल तर टायर नवाकोरा. पंक्चर काढणाऱ्या चाचांनी दुसऱ्या बाजूचं चाक जॅकवर उचललं, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी हात धरून हलवलं. टक, टक. "साहेब, टाय रॉड एंड गेलाय. अलाइनमेंट कशाची करताय?"

टाय रॉड एंड म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. सांधा ढिला असला की रॅम्पवर हिरवा आलेला आकडा पहिल्या खड्ड्यालाच बदलतो. म्हणून अलाइनमेंटच्या आधी टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश हे चाक धरून ठेवणारे सांधे बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, पण न सांगता क्वचितच कोणी करतं. माझ्या नेहमीच्या दुकानात तर एकदाही केलं नव्हतं.

आता टायर एवढं झिजतं कसं? अलाइनमेंटमध्ये टो, कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) असे तीन कोन असतात. टायर खाण्यात टोचा हात सगळ्यात मोठा. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर. १४ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत दीड मिलीमीटरचा फरक पडला तर तो साधारण पाव अंश होतो. डोळ्याला दिसणारही नाही. पण हिशेब करा: पाव अंश तिरकं चाक दर किलोमीटरला चार मीटरच्या वर आडवं घासलं जातं. हजार किलोमीटरला चार किलोमीटर रबर रस्त्यावर फरफटवल्यासारखं झालं.

ही झीज हाताला कळते. गाडी बंद करा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे चाकाची आतली बाजूही दिसेल, आणि टायरवर आडवा तळवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवल्यावर बोटांना करवतीसारखी धार लागते, तर टो बिघडलाय. (तार निघाली असेल तर हात फिरवू नका, टायर बदला.) फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, तिथे अलाइनमेंटचा संबंध नाही. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं ते बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं दुखणं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही.

गाडी किंचित डावीकडे जाते म्हणून लगेच घाबरू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच डावीकडे उतार असतो. मोकळ्या, सपाट जागी बघा. तिथेही ओढत असेल तर आधी हवा तपासा, मग पुढची दोन चाकं आपसात बदलून पाहा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा.

एक सावधगिरी. "कॅम्बर आउट आहे, करेक्शन करावं लागेल, वेगळे पैसे" हे वाक्य कानावर पडेलच. स्विफ्ट, आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो, तिथे फिरवायला काही नसतं. पुढेही मुख्यतः टोच फिरतो. अशा गाडीचा कॅम्बर खरंच बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ते शोधून बदलायचं. जॅक लावून, दाबून आकडा हिरवा करून देतात, त्याला मी कधी हो म्हणत नाही.

किलोमीटर न बघता अलाइनमेंट कधी करायचं? मोठा खड्डा किंवा दुभाजक जोरात बसल्यावर, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहू लागलं तर, नवे टायर घातल्यावर, आणि सस्पेन्शन किंवा टाय रॉडचं काम झाल्यावर. दुकानात आधी चारही चाकांत हवा बरोबर भरून घ्या, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागा, आणि पैसे देण्याआधी एक चक्कर मारून स्टेअरिंग सरळ आहे का पाहा.

तुम्ही लिहिलंय महिन्याला सातशे किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाला साडेआठ हजारांच्या आत. तुम्हाला वर्षातून एकदा पुरे, तेही पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास. जूनमध्ये केलेलं चार महिन्यांच्या खड्ड्यांत वाया जातं. आणि गणपतीला गावी जाणार असाल तर जाण्याआधी नको, परत आल्यावर करा.