उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला लग्नाची मागणी घालणे योग्य आहे का?

आपल्या बहिणीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तिला मागणी घातली, यात गैर काय, असे आपण विचारले आहे. लग्नाला मनाई नाही. मात्र भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार पदाचा गैरफायदा घेऊन रुग्णाशी अनुचित संबंध ठेवणे हे गैरवर्तन ठरते आणि त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत दुसरा डॉक्टर गाठायचा म्हणजे एस.टी.ने तालुक्याला जावे लागते; अशा वेळी केसपेपर हातात घेऊन समोर बसलेल्या आजारी मुलीला त्याच डॉक्टरांना नकार देणे किती जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून डॉक्टरांनी आधी तिचे उपचार दुसऱ्याकडे सोपवावेत, काही महिने जाऊ द्यावेत, आणि त्यानंतरच आपण तिला एकटीला, घरच्यांच्या माघारी, तिचे मन विचारावे.